जुनी नोंद न पुसणाऱ्या माहितीसंरचना : एक तौलनिक परिचय

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या कामकाजात संगणक आता नित्याचा झाला आहे. दाखले, उतारे, हजेरीपट, कर-आकारणीच्या याद्या यांचे काम त्याच्यावर चालते. परंतु संगणकाच्या स्मृतीत ही माहिती कशी रचून ठेवलेली असते आणि एखादी नोंद बदलली असता तेथे नेमके काय घडते, याचा विचार करण्याचा प्रसंग आपणांपैकी फार थोड्यांवर येतो. तो विषय तज्ज्ञांचा, असे समजून आपण तो त्यांच्यावर सोपवितो. वस्तुतः त्यातील मूळ प्रश्न दप्तर सांभाळणाऱ्या कोणाही व्यक्तीच्या परिचयाचा आहे. नवी माहिती आली की जुनी पुसावयाची, की जुनी तशीच ठेवून नवी वेगळी लिहावयाची, हा तो प्रश्न होय. दुसरा मार्ग पत्करणाऱ्या संगणकीय पद्धतींत ज्या तयार माहितीसंरचना वापरल्या जातात, त्यांची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

पुसणे आणि न पुसणे

गावच्या फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खोडून तिच्या जागी नवी लिहिली जात नाही. धारक बदलला की नव्या क्रमांकाचा फेरफार लिहिला जातो. तो प्रमाणित झाला की सात-बारावरील जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाबरोबर फेरफाराचा क्रमांक येतो. त्यामुळे ही जमीन पूर्वी कोणाच्या नावे होती, असे विचारणाऱ्यास उत्तर देता येते. याउलट शाळेच्या फळ्यावर लिहिलेला आजचा पट पाहा. कालची उपस्थिती पुसल्याखेरीज तेथे आजची लिहिता येत नाही, आणि एकदा पुसली की ती गेली.

रूढ पद्धतीची संगणकीय आज्ञावली बहुधा फळ्यासारखी वागते. स्मृतीतील एका जागी एक किंमत असते. नवी किंमत आली की ती जुनीवर लिहिली जाते. फंक्शनल प्रोग्रॅमिंग, ज्याला मराठीत फलनप्रधान आज्ञालेखन म्हणता येईल, या पद्धतीत असे करीत नाहीत. गणितातील फलन दिलेल्या संख्येपासून दुसरी संख्या काढते, पण दिलेली संख्या बदलीत नाही. पाचाचा वर्ग पंचवीस होतो. तेवढ्याने पाच नाहीसा होत नाही. त्याचप्रमाणे या पद्धतीत यादीत एक नाव वाढविले की नवी यादी मिळते आणि जुनी यादी जशीच्या तशी राहते.

या विचाराची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेचे काम सुरू केले. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात एमएल भाषा घडविली. तिच्याच कुळातील ओकॅमल ही भाषा फ्रान्समध्ये १९९६ साली आली. हास्केल भाषेचा पहिला अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्या नावावरून तिचे नाव पडले आहे. पुढे स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन ओडर्स्की यांनी स्काला, आणि २००७ मध्ये अमेरिकेत रिच हिकी यांनी क्लोजर ही भाषा पुढे आणली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जन्मलेली अर्लांग ही भाषादेखील या कुटुंबातीलच म्हणावी लागेल. ग्रामीण भागात घरोघरी पोहोचलेल्या व्हॉट्सअॅपची यंत्रणा मुख्यतः तिच्यावर उभी आहे, म्हणजे हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

जुने रूप टिकविण्याचा लाभ दुहेरी आहे. एक तर हाती आलेली यादी आपल्या नकळत दुसऱ्याने बदलली असेल, ही शंका उरत नाही. दुसरे असे की, अनेक कामे एकाच वेळी चालू असता एकजण वाचीत आहे आणि दुसरा तीच नोंद बदलीत आहे, अशी ओढाताण होत नाही. वाचणारा आपल्या हातातील आवृत्ती शांतपणे वाचतो आणि लिहिणारा नवी आवृत्ती तयार करतो. परंतु यासाठी काहीतरी किंमत मोजावी लागणारच. ती किती, हे माहितीची रचना कशी केली आहे यावर ठरते. ही रचना प्रत्येक आज्ञालेखक स्वतः करीत नाही. तज्ज्ञांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञावलींचा तयार संच तो घेतो, आणि या संचाला लायब्ररी असे म्हणतात. ग्रंथालयाशी तिचा संबंध नावापुरताच आहे.

वाटेवरच्या पानांची नक्कल

दहा लाख नोंदींचे दप्तर आहे असे समजू. एका नोंदीत बदल करावयाचा आणि जुने दप्तरही अबाधित ठेवावयाचे, तर सारे दप्तर पुन्हा लिहून काढावे काय? तसे करावे लागले असते तर ही पद्धत कोणीच स्वीकारली नसती.

यावरील युक्ती अशी. दप्तर सलग न ठेवता वृक्षाच्या आकारात मांडावयाचे. सर्वांत वर एक सूचिपत्र. त्यावर लिहिलेले असते की अमुक क्रमांकापर्यंतच्या नोंदी डावीकडे, त्यापुढील उजवीकडे. डावीकडे गेले की तेथे तसेच दुसरे सूचिपत्र. प्रत्येक ठिकाणी नोंदी निम्म्या होत जातात. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ भरतो, म्हणजे दहा लाखांतून हवी ती नोंद सुमारे वीस पायऱ्यांत सापडते. आता त्या एका नोंदीत बदल करावयाचा असेल तर वरपासून तिच्यापर्यंतच्या वाटेवरील वीस सूचिपत्रेच काय ती नव्याने लिहावी लागतात. बाकीच्या लाखो नोंदींकडे नवी सूचिपत्रे नुसते बोट दाखवितात. जुने सर्वांत वरचे सूचिपत्र ज्याच्या हाती आहे त्याला जुने दप्तर पूर्ण दिसते. नवे ज्याच्या हाती आहे त्याला नवे. दोघांच्या दप्तरांचा बहुतेक भाग एकच असतो, आणि तो कोणीही बदलीत नसल्यामुळे वाटून घेण्यात धोका नसतो.

या विषयाची व्यवस्थित मांडणी ज्यांनी केली त्यांत क्रिस ओकासाकी यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील त्यांचा प्रबंध १९९६ चा; त्यावर आधारलेले पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी पुढे एडिसन नावाची एक लायब्ररीही रचली. तीत अनेक संरचनांना एकच सामायिक रूप देण्याचा प्रयत्न होता, जेणेकरून एक काढून दुसरी बसविणे सोपे जावे. कल्पना उत्तम होती. तथापि हास्केलच्या रोजच्या वापरात पुढे रुळली ती कंटेनर्स नावाची लायब्ररी.

दुभागणारे वृक्ष : ओकॅमल आणि हास्केल

नोंदी क्रमाने येत गेल्या तर वरील वृक्ष एकाच बाजूला वाढून काठीसारखा लांबलचक होईल आणि वीस पायऱ्यांच्या जागी दहा लाख पायऱ्या लागतील. म्हणून वृक्षाचा तोल सांभाळणे हे लायब्ररीचे मुख्य कर्तव्य ठरते. तोल मोजण्याच्या बाबतीत ओकॅमल आणि हास्केल यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

ओकॅमलच्या प्रमाण लायब्ररीतील मॅप ही संरचना उंची मोजते. अडेल्सन-वेल्स्की आणि लॅंडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये सुचविलेल्या वृक्षांवर ती आधारलेली आहे. मूळ नियमात दोन बाजूंच्या उंचीत एकाचाच फरक चालतो. ओकॅमलने दोनाची सवलत दिली, त्यामुळे तोल सावरण्याचे काम थोडे कमी वेळा करावे लागते. हास्केलच्या कंटेनर्समधील मॅप मात्र उंचीऐवजी नोंदींची संख्या मोजते. एका बाजूच्या नोंदी दुसरीच्या तिपटीहून अधिक होऊ द्यावयाच्या नाहीत, असा साधारणपणे तिचा नियम आहे.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण व्यवहारात तो जाणवतो. एकूण नोंदी किती, असे हास्केलच्या मॅपला विचारले तर उत्तर तत्काळ मिळते, कारण संख्या वरच लिहिलेली असते. ओकॅमलच्या मॅपला त्यासाठी सारा वृक्ष फिरून यावा लागतो. यादीतील पाच हजारावी नोंद कोणती, हा प्रश्नही हास्केलमध्ये वीसएक पायऱ्यांत सुटतो. ज्या कामात असे प्रश्न वारंवार येतात तेथे संख्या मोजणारा वृक्ष बरा. ज्या कामात ते कधीच येत नाहीत तेथे याबद्दल काळजी करण्याचे कारण नाही.

शोधावयाचा क्रमांक पूर्णांक असेल तर हास्केलमध्ये इंटमॅप नावाची आणखी एक संरचना उपलब्ध आहे. ओकासाकी आणि अँडी गिल यांच्या १९९८ च्या निबंधातून ती आली. क्रमांकाच्या द्विमान रूपातील अंक पाहून ती फाटे पाडते. तोल सांभाळण्याचा प्रश्नच तीत उद्भवत नाही. दोन मोठ्या याद्या एकत्र करण्याचे काम ती फार जलद करते. परंतु एकूण किती, या प्रश्नाला तिलाही परंपरेने सर्वत्र फिरावे लागते.

येथे मराठीच्या संदर्भात एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. दुभागणारा वृक्ष नोंदी क्रमाने ठेवतो, तेव्हा क्रम कोणता हे त्याला सांगावे लागते. काही न सांगितल्यास अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांचा क्रम धरला जातो. त्या क्रमात ळ हे अक्षर ल च्या पाठोपाठ आणि व च्या आधी येते; आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे मानली गेल्यामुळे ती क आणि ज यांच्याखाली जातात. म्हणजे मतदारांची किंवा विद्यार्थ्यांची मराठी नावांची यादी नुसती वृक्षात घातली तर ती शाळेत शिकविलेल्या अनुक्रमाने बाहेर पडणार नाही. ओकॅमलमध्ये वृक्ष तयार करतानाच तुलनेचा नियम द्यावा लागतो, त्यामुळे आज्ञालेखकाला निदान प्रश्न तरी पडतो. हास्केल आणि स्काला यांत नियम प्रकारावरून आपोआप निवडला जातो. सोय आहे खरी, पण नजरचुकीलाही जागा आहे. आमच्या मते या बाबतीत ओकॅमलची सक्ती अधिक हिताची होय.

बत्तीस फाट्यांचे वृक्ष : क्लोजर आणि स्काला

प्रत्येक सूचिपत्रावर दोनऐवजी बत्तीस वाटा असल्या तर? बत्तीसचा चौथा घातही १०,४८,५७६ च आहे. म्हणजे दहा लाख नोंदींसाठी वीसऐवजी चार पायऱ्या पुरतात. फिल बॅगवेल यांनी २००० च्या सुमारास अशा वृक्षांची एक काटकसरीची रीत शोधून काढली. नोंद ज्या शब्दावरून शोधावयाची त्या शब्दापासून एक मोठा अंक तयार करावयाचा, त्याला हॅश म्हणतात. आणि त्या अंकाचे पाच-पाच द्विमान अंकांचे तुकडे पाडून एकेक तुकड्याने एकेक पायरी उतरावयाची. बत्तीस वाटांपैकी ज्या रिकाम्या आहेत त्यांना जागा द्यावयाची नाही. कोणत्या भरलेल्या आहेत एवढे बत्तीस खुणांच्या एका अंकात लिहून ठेवावयाचे. रिच हिकी यांनी ही रीत जुने रूप टिकविणाऱ्या स्वरूपात क्लोजरमध्ये आणली, आणि तेव्हापासून ती अनेक भाषांत पसरली. अर्लांगमध्ये बत्तीसपर्यंत नोंदी असल्या तर त्या साध्या रांगेत राहतात. त्याहून वाढल्या की याच प्रकारचा वृक्ष तयार होतो. स्कालाच्या २०१९ मधील २.१३ या आवृत्तीत मिखाएल श्टाइनडॉर्फर आणि युर्गेन विन्यू यांनी २०१५ मध्ये मांडलेली सुधारलेली रचना घेण्यात आली. तीत नोंदी आणि खालच्या वाटा एकाच सूचिपत्रावर पण वेगवेगळ्या गटांत ठेवल्या जातात, त्यामुळे जागा वाचते आणि सारी यादी फिरून येणे जलद होते.

चार पायऱ्या आणि वीस पायऱ्या यांची तुलना पाहून बत्तीस फाट्यांचा वृक्ष सर्व बाबतीत श्रेष्ठ आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. हिशेब केला तर चित्र थोडे निराळे दिसते. दुभागणाऱ्या वृक्षात एका सूचिपत्रावर पाच गोष्टी असतात: शोधावयाचा क्रमांक, मजकूर, डावी वाट, उजवी वाट आणि आकारमान. बदल करताना वीस सूचिपत्रांची नक्कल म्हणजे सुमारे शंभर जागा लिहावयाच्या. बत्तीस फाट्यांच्या पूर्ण भरलेल्या वृक्षात चार सूचिपत्रांची नक्कल म्हणजे १२८ जागा. याचा अर्थ वाचताना पाचपट कमी पायऱ्या, पण लिहिताना श्रम जवळजवळ सारखेच. प्रत्यक्षात सलग जागेत लिहिणे संगणकाला सोपे जाते आणि हॅशच्या वृक्षातील सूचिपत्रे पूर्ण भरलेली नसतात, त्यामुळे पारडे काहीसे बत्तीसच्या बाजूला झुकते. तरीही एकदा लिहून अनेकदा वाचावयाचे असेल तेथेच त्याचा खरा लाभ.

शिवाय हॅशवर रचलेल्या वृक्षात क्रम राहत नाही. गट क्रमांक शंभर ते दीडशे यांच्या नोंदी द्या, असे त्याला सांगता येत नाही. सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात. आणि आणखी एक उणीव आहे, जी सार्वजनिक कामात महत्त्वाची ठरते. वेगवेगळ्या शब्दांचे हॅश एकच येतील असे शब्द कोणी जाणूनबुजून हजारोंच्या संख्येने पाठविले, तर ते सारे एकाच वाटेवर साचतात आणि यंत्रणा मंदावून बंद पडण्याच्या बेतास येते. अनेक प्रचलित भाषांवर असा हल्ला होऊ शकतो, हे डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत दाखविण्यात आले. हास्केलमध्ये बाहेरून येणारा मजकूर वाचण्यासाठी वापरली जाणारी एसन ही लायब्ररी हॅशच्या वृक्षावर विसंबून होती; २०२१ च्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीत तिच्यात दुभागणारा वृक्ष वापरण्याची सोय करण्यात आली. नागरिकांकडून अर्ज स्वीकारणाऱ्या कोणत्याही यंत्रणेच्या दृष्टीने ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वेगाच्या कोष्टकात पहिला आलेला संच दारावर बसविण्यास योग्य असतोच असे नाही.

समतोलाची तपासणी

वर्षानुवर्षे हजारो लोक वापरीत आहेत म्हणजे संच निर्दोष असेल, हा समज किती फसवा आहे याची दोन उदाहरणे या क्षेत्रात मिळतात.

फ्रान्समधील ज्याँ-क्रिस्तोफ फिलियात्र आणि पिएर लतूझे यांनी ओकॅमलच्या संच-संरचनेची गणिती सिद्धता मांडण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी कॉक या सिद्धतासाहाय्यक आज्ञावलीचा उपयोग केला. २०२५ पासून ती रॉक या नावाने ओळखली जाते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की, वृक्षाचा तोल सावरण्याच्या आज्ञांत दोष आहे. उत्तरे चुकत नव्हती, म्हणूनच कोणाच्या लक्षात आले नव्हते. काही प्रसंगी वृक्ष जितका समतोल असावयास हवा तितका राहत नव्हता. पुढे तो दोष दूर करण्यात आला.

दुसरे उदाहरण संख्या मोजणाऱ्या वृक्षांचे. या वृक्षात तोल केव्हा बिघडला असे मानावयाचे आणि तो एका फेऱ्याने सावरावयाचा की दोन, हे दोन अंकांवर ठरते. हे दोन अंक निरनिराळ्या भाषांच्या लायब्ऱ्यांनी निरनिराळे निवडले होते. जपानमधील योइची हिराई आणि काझुहिको यामामोतो यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, त्यांपैकी अनेक निवडी नोंद काढून टाकताना तोल राखू शकत नाहीत. मूळ पद्धतीत पूर्णांकांची एकच जोडी सर्व प्रसंगी टिकते, ती म्हणजे तीन आणि दोन. याचीही सिद्धता त्यांनी कॉकच्या साहाय्याने दिली. हास्केलच्या कंटेनर्समध्ये आज हेच अंक आहेत. त्यानंतर २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका गटाने कंटेनर्समधील काही संरचनांची, प्रत्यक्ष वापरातील आज्ञा घेऊन, सिद्धता पूर्ण केली. त्या आज्ञांत त्यांना दोष आढळला नाही.

लायब्ऱ्यांची तुलना करणारे बहुतेक लेख वेगाची कोष्टके देऊन थांबतात. कोणत्या संचाची तपासणी कोणी व किती खोलवर केली आहे, हा रकाना त्यांत सहसा नसतो. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या वाचकांना तो रकाना प्रथम आठवावा.

सरासरीचा हिशेब

रांगेसारख्या संरचनेच्या बाबतीत एक सूक्ष्म पेच आहे. तो समजून घेण्यासाठी आवक टपालाचे उदाहरण घेऊ. नवा कागद मागे लागावा आणि जुना पुढून निघावा, अशी रांग हवी आहे. पण हाताशी आहेत ते फक्त ढीग, ज्यांच्या वरच ठेवता येते आणि वरूनच उचलता येते. यावर उपाय असा की दोन ढीग ठेवावयाचे. नवे कागद दुसऱ्या ढिगावर, उचलणे पहिल्यावरून. पहिला संपला की दुसरा ढीग उलटा करून पहिल्याच्या जागी ठेवावयाचा. शंभर कागदांचा ढीग उलटण्यास शंभर हालचाली लागतात खऱ्या, पण त्या शंभर कागदांमागे एकदाच, म्हणून सरासरी प्रत्येकी एक. लायब्ऱ्यांच्या माहितीपत्रकात वेगाचे आकडे पुष्कळदा अशा सरासरीने दिलेले असतात.

जुने रूप टिकविणाऱ्या जगात ही सरासरी फसू शकते. पहिला ढीग संपत आला आहे आणि दुसऱ्यात नव्याण्णव कागद आहेत, अशा क्षणीची आवृत्ती कोणी जपून ठेवली आणि त्याच आवृत्तीवरून पुन्हा पुन्हा कागद उचलू लागला, तर दर वेळी नव्याण्णवांचा ढीग नव्याने उलटावा लागेल. एकदाच होणारा खर्च प्रत्येक वेळी होऊ लागला की सरासरी कोसळते. ओकासाकी यांच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य हा पेच सोडविण्यात आहे. ढीग उलटण्याचे काम आधीच नेमून ठेवावयाचे, पण गरज पडेपर्यंत करावयाचे नाही. आणि एकदा केले की त्याचे फळ सर्व आवृत्त्यांना मिळावे, अशी योजना त्यांनी आळशी गणनेच्या आधारे केली. आळस येथे गुण ठरला आहे. हास्केलच्या कंटेनर्समधील सीक्वेन्स ही संरचना राल्फ हिंझे आणि रॉस पॅटरसन यांच्या २००६ च्या निबंधावर उभी आहे, आणि तीतही हाच विचार आहे. दोन्ही टोकांना घालणे-काढणे जवळजवळ विनासायास होते आणि दोन रांगा जोडणे थोड्या पायऱ्यांत होते.

क्लोजर व स्काला यांची व्हेक्टर ही संरचना बत्तीस फाट्यांचीच आहे. मधली एखादी नोंद वाचण्यात ती सीक्वेन्सला सहज मागे टाकते. परंतु दोन मोठ्या व्हेक्टर जोडावयाच्या तर एकीतील नोंदी एकेक करून उचलाव्या लागतात. ही उणीव भरून काढणारी रचना बॅगवेल आणि टियार्क रोम्फ यांनी सुचविली आणि २०१५ मध्ये तिचे व्यवहार्य रूप मांडले गेले. फंक्शनल नसलेल्या सी प्लस प्लस भाषेसाठी इमर नावाची जी लायब्ररी निघाली, तिने हीच रचना घेतली.

मोजमाप कसे करावे

मिलान स्ट्राका यांनी २०१० मध्ये कंटेनर्सची त्या वेळच्या इतर हास्केल लायब्ऱ्यांशी तुलना केली आणि त्या मोजमापातूनच कंटेनर्समध्ये सुधारणा घडवून आणल्या. तुलनेचा असा उपयोग होणे हे दुर्मिळ होय. एरवी कोष्टकातील आकडे ज्या यंत्रावर, जितक्या नोंदींवर आणि ज्या कामासाठी काढलेले असतात त्यांच्यापुरतेच खरे असतात. जुनीवर नवी लिहिणारी साधी संरचना एकट्याने चाललेल्या कामात बहुधा यांपैकी सर्वांहून जलद असते, हेही मान्य केले पाहिजे. फंक्शनल भाषांनी ते मान्य केले आहे. क्लोजरमध्ये एखादी मोठी यादी प्रथम तयार करताना, ती बाहेर कोणाच्या हाती जाण्यापूर्वी, आतल्या आत पुसून लिहिण्याची मुभा आहे. काम संपले की ती यादी गोठविली जाते. हास्केलमध्येही तशी बंदिस्त सोय आहे.

ज्या अधिकाऱ्यांपुढे संगणकीय प्रणालीचे प्रस्ताव येतात त्यांनी कोणती लायब्ररी वापरली, एवढेच विचारून भागणार नाही. नोंदी क्रमाने लागतात काय, वाचन अधिक की लेखन, दोन याद्या जोडण्याचे काम किती वेळा पडते, मजकूर बाहेरच्या अनोळखी माणसाकडून येतो काय, आणि दिलेला वेग सरासरीचा आहे की प्रत्येक वेळचा, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयाजवळच असतात. ती संगणकतज्ज्ञाला ठाऊक नसतात, त्याला सांगावी लागतात.

स्मृती आणि दप्तर

एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. या संरचना जुने रूप टिकवितात, ते संगणकाच्या चालू स्मृतीत आणि कोणीतरी ते रूप हाती धरून आहे तोपर्यंतच. ज्या आवृत्तीकडे कोणाचेही बोट उरले नाही तिची जागा यंत्रणा आपोआप मोकळी करते, आणि आज्ञावली थांबली की सर्वच आवृत्त्या जातात. तेव्हा फंक्शनल भाषेत लिहिलेली प्रणाली घेतली म्हणजे जुन्या नोंदींचे दप्तर आपोआप जपले गेले, असे होत नाही. त्यासाठी तबकडीवर जुन्या नोंदी राखणारी वेगळी व्यवस्था लागते. रिच हिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणलेली डेटॉमिक ही माहितीपेढी अशा प्रकारची आहे. तीत नवी नोंद जुनीवर लिहिली जात नाही, वेळेच्या शिक्क्यासह भर घातली जाते, आणि गेल्या वर्षीच्या अमुक तारखेला काय दिसत होते, असे विचारता येते. ब्राझीलमधील नूबँक या बँकेचा कारभार तिच्यावर चालतो.

परंतु न पुसण्यालाही मर्यादा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही परिस्थितीत पुसून घेण्याचा हक्क देण्यात आला आहे. काहीच न पुसणाऱ्या व्यवस्थेत ही तरतूद कशी बसवावयाची, याचा विचार प्रणाली मागवितानाच करावा लागेल. डेटॉमिकमध्ये त्यासाठी नोंद कायमची कापून काढण्याची स्वतंत्र आज्ञा ठेवली आहे. नोंद जाते, ती कापल्याची खूण मात्र माहितीपेढीत राहते.